वर्गाबाहेरची वाणी : जुन्या विद्यापीठीय जीवनातील मराठी वक्तृत्व

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८५७ च्या जुलै महिन्यात संमत झाला, ही माहिती शालेय पुस्तकांतही आढळते. त्याच वर्षाच्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर काय चालले होते, याची आठवण मात्र फारशी कोणी ठेवलेली नाही. विष्णुबुवा ब्रह्मचारी तेथे वाळूवर सभा भरवीत आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांशी धर्मविषयक वाद करीत. जानेवारीत सुरू झालेला हा क्रम उन्हाळा संपेपर्यंत चालला. श्रोते शेकड्यांनी जमत, प्रश्न विचारीत, गलबलाही करीत. पुढे दोन्ही पक्षांनी त्या वादाचे आपापले वृत्तान्त छापून काढले. विद्यापीठाची पहिली प्रश्नपत्रिका निघण्यापूर्वीच मराठी भाषा चार लोकांपुढे उभी राहून तर्क करू शकते, खंडन करू शकते, हे त्या वाळूवर सिद्ध होऊन गेले होते. विद्यापीठाने मात्र इंग्रजी हीच आपली वाणी मानली. येथून पुढील शंभर वर्षे आपल्या सुशिक्षितांचे बोलणे दोन वाटांनी गेले. वर्गातील वाट इंग्रजीची आणि वर्गाबाहेरची मराठीची. मराठी वक्तृत्व हे विद्यापीठात नव्हे, तर त्याच्या ओसरीवर वाढले, असे म्हणावयास माझ्या मते काहीच हरकत नाही. वाचनालयाच्या शताब्दी ग्रंथात या विषयाला स्थान असावे असे वाटण्याचे कारणही तेच. त्या ओसरीचा फार मोठा भाग आपल्यासारख्या वाचनालयांनीच शाकारलेला आहे.

ओसरी विद्यापीठाहूनही जुनी होती. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व तरुण शिक्षकांनी एक साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन केली. दादाभाई नौरोजी त्यांतील एक प्रमुख होते. तिचे कामकाज इंग्रजीत चाले. परंतु थोड्याच महिन्यांत सभासदांच्या ध्यानात आले, की आपण जे वाचतो ते घरच्या आणि पेठेतल्या माणसांपर्यंत न्यावयाचे, तर त्यांच्या भाषेत बोलले पाहिजे. म्हणून गुजराती आणि मराठी अशा दोन ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे आले. ज्यांनी १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण सिद्ध केले त्यांच्याच अध्यक्षतेखाली विद्यार्थी मराठीत निबंध वाचू लागले, हा योग मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे. या तरुणांचे बोलणे पोकळही नव्हते. याच मंडळींनी १८४९ साली मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि प्रारंभी त्यांतील अनेकांनी विनामूल्य शिकविले. निबंध वाचावा, त्यावर वाद व्हावा आणि त्यातून शाळा उभी राहावी, असा तो काळ होता.

विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेला १८५९ साली १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. १८६२ साली पहिले चार बी. ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांपैकी दोन. प्रारंभीच्या नियमांत देशी भाषांना काही जागा होती. परंतु १८६० नंतरच्या दशकात त्या वरच्या परीक्षांतून बाहेर पडल्या आणि त्यांच्या जागी संस्कृतादी अभिजात भाषा आल्या. देशी भाषांतून शिकविण्याजोगे साहित्यच नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. रानड्यांना तो कधीच मान्य झाला नाही. मराठीला विद्यापीठात परत आणण्यासाठी त्यांनी सिनेटात वर्षानुवर्षे खटपट केली. मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीचे त्यांचे १८९८ चे प्रसिद्ध टिपण याच खटपटीचा भाग होय. मराठीची बाजू मांडणारे ते टिपण त्यांना इंग्रजीत लिहावे लागले, ही त्या काळाची गंमत म्हणावी की व्यथा, ते वाचकांनीच ठरवावे. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. त्यानंतर थोड्याच काळात एम. ए. च्या परीक्षेत मराठीस प्रवेश मिळाला. प्रस्तुत लेखक आणि त्याच्यासारखे मराठी घेऊन एम. ए. झालेले सारे त्या ठरावाचे ऋणी आहेत.

त्या पिढ्यांतील विद्यार्थी बोलण्याची तालीम कशी घेत, याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे प्रारंभीचे शिक्षण निपाणीजवळच्या कागलात झाले. तेथून ते कोल्हापूरला गेले, १८८१ साली मॅट्रिक झाले आणि नुकत्याच निघालेल्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. पुढे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज करून ते १८८४ साली बी. ए. झाले. इंग्रजी उताऱ्यांच्या पाठांतरासाठी ते विद्यार्थिदशेत प्रसिद्ध होते. पानेच्या पाने मुखोद्गत करावीत, सहाध्याय्याला पुस्तक हाती धरून बसवावे आणि चूक दाखविण्याची पैज लावावी, अशी त्यांची रीत चरित्रकारांनी नोंदविली आहे. या पाठांतराची आज कुचेष्टा करणे सोपे आहे. परंतु १९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर गोखल्यांनी जे भाषण केले, त्यातील वाक्यांची बांधणी आकाशातून पडलेली नव्हती. कागल-कोल्हापुराकडील एका गरीब मुलाने परक्या भाषेची मात्रा न् मात्रा घोटून ती कमावली होती.

मात्र या कमाईची एक किंमतही होती. ती किती होती हे दक्षिण आफ्रिकेतील एका प्रसंगावरून कळते. गांधीजींनी स्वतःच आपल्या सत्याग्रहाच्या इतिहासात तो सांगितला आहे. १९१२ साली गोखले त्या देशाच्या दौऱ्यावर गेले. सभांतून ते इंग्रजीत बोलत. तेथे काही कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय हिंदू राहत. गोखल्यांनी आपल्यापुढे मराठीत बोलावे, अशी त्यांची इच्छा होती. गांधीजींनी ती गोखल्यांच्या कानी घातली आणि भाषांतराचे काम आपण करू असे सांगितले. गोखले हसले. तुमचे हिंदुस्थानी मी ऐकले आहे, आता मराठी कोठे शिकलात, अशा आशयाची त्यांनी थट्टा केली. पण अखेर ते मराठीत बोलले आणि तेथून परतीच्या वाटेवर झांझिबारपर्यंत अशा प्रत्येक प्रसंगी मराठीतच बोलत राहिले. भाषांतरकार गांधीजी! निर्दोष इंग्रजीपेक्षा मातृभाषेत, प्रसंगी व्याकरण चुकले तरी, बोलणे अधिक इष्ट, हा गांधीजींचा आग्रह होता. ज्या माणसाने कलकत्त्याच्या कायदेमंडळात साम्राज्याच्या हिशेबाची चिरफाड केली, त्याला आपल्याच लोकांशी आपल्याच भाषेत बोलण्यासाठी एका गुजराती माणसाने, तेही समुद्रापलीकडे, गळ घालावी लागली. विद्यापीठीय शिक्षणाने आपल्याला काय दिले आणि काय घेतले याचा हिशेब मांडताना मला हा प्रसंग कोणत्याही अहवालापेक्षा मोलाचा वाटतो.

पुण्यात त्याआधीच वेगळी वाट पडली होती. १८७५ च्या सुमारास रानडे आणि त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. वक्तृत्वोत्तेजक सभा हे तिच्या चालक संस्थेचे नावच तिचा हेतू सांगते. मराठीत बोलण्यास उत्तेजन द्यावयाचे, कारण कॉलेजात ते मिळत नव्हते. उन्हाळ्याच्या सुटीत कॉलेजचे विद्यार्थी मोकळे असत, वकील-शिक्षकांना सवड असे, आणि संध्याकाळी गार वारा सुटल्यावर इतिहासापासून अर्थशास्त्रापर्यंत कोणत्याही विषयावर मराठीत ऐकावयास मिळे. ध्वनिक्षेपक नव्हते. शेवटच्या ओळीपर्यंत शब्द पोचवावयाचा तर वाक्य आटोपशीर हवे, उच्चार स्पष्ट हवा आणि थांबावे कोठे हे कळावयास हवे. आपल्या जुन्या वक्त्यांच्या गद्याची ठेवण या शारीरिक गरजेतून घडली आहे, असे माझे मत आहे. कंठाला जे झेपत नाही ते वाक्य त्यांनी लिहिले नाही.

विद्यार्थ्यांचे वक्तृत्व आणि कॉलेजची शिस्त यांचा उघड संघर्ष झाला तो १९०५ च्या ऑक्टोबरात. विनायक दामोदर सावरकर तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात होते. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. तेथे शिवराम महादेव परांजपे यांचे भाषण झाले. कॉलेजचे प्राचार्य होते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर. त्यांनी सावरकरांना १० रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. एका परांजप्यांनी आगीत तेल ओतले आणि दुसऱ्यांनी पाणी, असा विनोद करण्याचा मोह येथे आवरत नाही. परंतु रँग्लर परांजपे हे केवळ सरकारधार्जिणे होते असे मानणे अन्यायाचे होईल. संस्था टिकली तरच विद्यार्थी शिकतील, ही त्यांची चिंता खरी होती. पुढे १९०७ साली विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी राजकीय सभांत भाग घेऊ नये, असे सरकारी परिपत्रकच निघाले. ज्या काळी तोंड उघडण्यास १० रुपये पडत, त्या काळी विद्यार्थी बोलत होते. आज फुकट आहे, तर श्रोते मिळत नाहीत.

शिवरामपंतांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण त्यांचा आणि बेळगावचा ऋणानुबंध आहे. ते संस्कृतचे एम. ए. आणि काही काळ पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात प्राध्यापक. १८९८ साली त्यांनी ‘काळ’ काढला आणि १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली १९ महिन्यांची शिक्षा भोगण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्यांच्या वाणीचे मर्म वक्रोक्तीत होते. सरकारची स्तुती करीत आहोत असे दाखवावे आणि श्रोत्याला उलट अर्थ उमगावा. ही शैली नुसती आवड नव्हती. कायद्याच्या कलमाने सरळ बोलणे बंद केले की भाषा आडवाटेने चालू लागते. संस्कृत काव्यशास्त्रातला एक अलंकार अशा रीतीने सभेच्या कामी आला. हेच शिवरामपंत १९२९ साली बेळगाव येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते निवर्तले. बेळगावकरांना त्यांची वाणी ऐकावयास मिळाली ती अशी अगदी उतरत्या उन्हात.

बेळगावचे कान मात्र त्यापूर्वीच तयार झालेले होते. १९१६ च्या एप्रिलअखेर लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली ती याच शहरी, आणि १ मे रोजी स्वराज्यावरील त्यांचे गाजलेले भाषण येथेच झाले. टिळकांच्या बोलण्यात ना वक्रोक्ती, ना अलंकार. घरातला मुलगा, कारभारी, वाटणी असे रोजचे दाखले आणि हिशेबी वाक्ये. हे भाषण सरकारने टिपून घेतले. त्या आणि अहमदनगरच्या भाषणांबद्दल टिळकांकडून २०,००० रुपयांचा जातमुचलका व तितक्याच रकमेचे जामीन मागण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयात बॅ. जिना यांनी त्यांची बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो हुकूम रद्द झाला. बेळगावच्या मैदानात उच्चारलेल्या मराठी वाक्यांचा कीस न्यायमूर्तींनी इंग्रजी भाषांतरावरून काढावा, ही पुन्हा त्याच दोन वाटांची गाठ. १९२४ च्या डिसेंबरात महात्माजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले, त्याची कथा इतरत्र पुष्कळ सांगितली गेली आहे.

गमतीची गोष्ट अशी, की एवढी मोठी भाषणे ऐकलेल्या या शहरात तेव्हा एकही कॉलेज नव्हते. मॅट्रिक झालेली मुले पुण्याला, कोल्हापूरला आणि १९१७ नंतर धारवाडच्या कर्नाटक कॉलेजला जात. लिंगराज कॉलेज १९३३ साली निघाले आणि राणी पार्वतीदेवी कॉलेज १९४५ साली. या दुसऱ्या कॉलेजात पु. ल. देशपांडे काही काळ प्राध्यापक होते, ही गोष्ट बेळगावकर आजही अभिमानाने सांगतात, आणि ती सांगण्याजोगीच आहे.

पिरनवाडीसारख्या खानापूर रस्त्यावरील खेड्यातून सायकल दामटीत बेळगावच्या कॉलेजात येणाऱ्या मुलापुढे मग एक नव्हे, दोन चढ असत. वर्गातली इंग्रजी हा पहिला. दुसरा त्याहून अवघड, कारण तो दिसत नसे. स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरची मराठी ही त्याच्या घरची मराठी नव्हती. त्याच्या गल्लीत मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच कट्ट्यावर बसत. घरात आई ‘मी येतो’ म्हणे, बहीण ‘मी जेवलो’ म्हणे. ‘मी भाकरी खाल्लो’, ‘मी चहा पिलो’, ‘मी पुस्तक वाचलो’ हे त्याचे सहज बोलणे. पुण्याकडचा परीक्षक असला की या वाक्यांशी पेन्सिल थांबे.

काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत असाच एक प्रसंग माझ्यासमोर घडला. खेड्यातून आलेला एक विद्यार्थी फार मनापासून बोलत होता. बोलण्याच्या ओघात तो म्हणाला, ‘मी ते पुस्तक तीन वेळा वाचलो.’ परीक्षकांपैकी एक गृहस्थ हसून मोठ्याने उद्गारले, ‘तीन वेळा वाचलास, नशीबवान आहेस!’ सभागृह हसले. मुलाने उरलेले भाषण कसेबसे उरकले. पुढल्या वर्षी त्याने नाव दिले नाही.

विनोद चांगला होता, हे मान्य. व्याकरण मात्र अपुरे होते. प्रमाण मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, ‘मी पुस्तक वाचले’, ‘मी पोथी वाचली’. कन्नडात ते कर्त्याप्रमाणे चालते. शेकडो वर्षे ज्या प्रदेशात माणसे सकाळी एका भाषेत दूध घेतात आणि संध्याकाळी दुसरीत बाजार करतात, तेथे एका भाषेची चाल दुसरीत उतरणारच. शिवाय प्रमाण मराठीही या बाबतीत अगदी सोवळी नाही. ‘तू पुस्तक वाचलेस’ या वाक्यातील शेवटचा ‘स’ कोणाचा? पुस्तकाचा नव्हे, ‘तू’ या कर्त्याचाच. द्वितीय पुरुषात जे पुण्याला चालते, ते प्रथम पुरुषात बेळगावला चालले तर त्याला अडाणीपणा म्हणता येत नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत प्रमाण रूपच लिहावे, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवितो. परंतु लिहिण्याची शिस्त बोलण्याच्या गळ्याशी बांधली, की बोलणाराच गप्प होतो. पु. लं. नी ‘गणगोत’मध्ये बेळगावच्या रावसाहेबांचे जे चित्र रेखाटले, त्यात ही कानडी वळणाची मराठी तिच्या साऱ्या ऐटीनिशी उभी आहे. कॉलेजच्या फळ्यावर जिला जागा नव्हती, त्या भाषेला त्याच गावात प्राध्यापकी केलेल्या लेखकाने साहित्यात आणून बसविले.

या भागाने ऐकलेल्या वक्त्यांत बॅ. नाथ पै यांचे नाव कोणीही विसरणार नाही. १९२२ साली वेंगुर्ल्यास जन्मलेल्या नाथ पैंच्या शिक्षणाचा काही काळ बेळगावात गेला. पुढे ते पुण्यात आणि मग विलायतेत बॅरिस्टरीसाठी राहिले. १९५७ पासून ते राजापूर मतदारसंघाचे खासदार होते. लोकसभेत इंग्रजी आणि मैदानावर मराठी, दोन्ही वाटा एकाच माणसाच्या मुखी सारख्याच ओघाने वाहत. गोखल्यांच्या पिढीत जी फूट पडली होती ती येथे सांधली गेली होती. १९५६ च्या जानेवारीत सीमाप्रश्नी गोळीबारात बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ बेळगावात दर १७ जानेवारीस हुतात्मा दिन पाळला जातो. १९७१ सालच्या त्या सभेत नाथ पै बोलले आणि १८ जानेवारी रोजी बेळगावातच त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८ वर्षांचे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. येथील महाविद्यालये त्याआधीच धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे आली होती आणि २०१० पासून ती बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आहेत. निपाणीची गोष्ट आणखी निराळी. निपाणी शहर कर्नाटकात आणि त्याला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणीचा विद्यार्थी घरून चालत निघतो आणि तासाच्या घंटेपूर्वी राज्य ओलांडून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत बसतो. बेळगावकडच्या विद्यार्थ्याला ही सोय नाही. आमच्या वर्गांतून मराठी घेणाऱ्यांची संख्या कमी होत चालली आहे. जे घेतात त्यांतील कित्येक जण तीन वर्षांत एकदाही उभे राहून पाच मिनिटे बोलत नाहीत. स्पर्धांतून जे ऐकू येते ते बहुधा शिक्षकाने लिहून दिलेले आणि मुलाने घोकलेले. गोखलेही घोकीत, हे खरे. पण काय घोकावे ते त्यांचे त्यांनी निवडले होते, आणि पैज त्यांनीच लावली होती.

वाचनालयाच्या कार्यकारिणीस म्हणून एक सूचना करावीशी वाटते. शताब्दीनिमित्त जी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा योजिली असेल, तिचे विषय आधी जाहीर करू नयेत. स्पर्धकाने चिठ्ठी उचलावी, अर्धा तास वाचनालयाच्या कपाटांत हवी ती पुस्तके चाळावीत आणि मग कागदाशिवाय सात मिनिटे बोलावे. परीक्षकांत एक तरी याच परिसरातील, दोन्ही भाषा जाणणारा असावा. गुणपत्रिकेत मुद्दा, मांडणी आणि श्रोत्यांच्या प्रश्नांना दिलेले उत्तर यांसाठी रकाने असावेत. उच्चारासाठीही असावा, पण त्यात ‘मी वाचलो’ म्हटल्याबद्दल गुण कापू नयेत. बक्षीस पुस्तकांचेच द्यावे. ती विद्यार्थ्याने स्वतः निवडावीत.